उचल घेताना थरथरणारी मोटार

ज्या घरात तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्या घरात मोटार बहुधा एकच असते आणि ती हाकणारे मात्र चौघे असतात. अशा मोटारीस काही झाले की तिचा दोष शोधण्याआधी दोषी माणूस शोधण्याची घाई होते. आमच्या घरी गेल्या वर्षी नेमके हेच घडले. त्यातून जे शिकावयास मिळाले ते या सदरात सांगण्याचे योजिले आहे. कारण जुन्या डिझेल गाड्या अद्याप पुष्कळ घरी आहेत, आणि क्लचचा थरकाप हा त्यांचा विकार केव्हा ना केव्हा बहुतेकांच्या वाट्यास येतो.

गाडी कोणत्या कारखान्याची हे सांगत नाही. दोष कारखान्याचा नव्हता. वयाचा होता, आणि काही अंशी आमच्या दुर्लक्षाचा. ती चार सिलिंडरांची, मागील चाकांनी चालणारी आणि आठ-नऊ माणसे सहज पोटात घेणारी आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी ती आमच्या दारी आली. नोंदणीची पहिली पंधरा वर्षे संपली तेव्हा तपासणी होऊन पुढील पाच वर्षांची मुदत मिळाली होती. तीही संपत आली असता गाडीस हे दुखणे लागले, आणि ‘आता पुन्हा तपासणीचे खर्च कशास, भंगारात घाला’ असा सूर आमच्या वडील बंधूंनी लावला.

दुखणे असे. गाडी उभी असताना यंत्र शांत चाले; वेगात असतानाही तक्रार नसे. परंतु पहिला गिअर टाकून क्लचवरील पाय हळूहळू उचलू लागले, की गाडी पुढे सरकण्याच्या क्षणी सगळी थरथरू लागे. काचा वाजत, आसने हादरत, पुढे टांगलेली गणपतीची मूर्ती नाचू लागे. पाय पूर्ण सुटला की सर्व शांत. वाड्याच्या दारासमोर थोडा चढ आहे, तेथून गाडी मागे घेताना तर घरातील बायका माजघरातून विचारीत, “काय पडले?”

श्रावण सुरू होता. आमच्या मातोश्रींचा श्रावणी सोमवारी औंढा नागनाथास जाण्याचा नेम आहे. हिंगोलीहून औंढा अवघे पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. परंतु वाटेत दर थांब्यावर अशी हाडे खिळखिळी होणार असतील तर ऐंशीच्या घरातील माणसास कसे न्यावे? एका सोमवारी त्या एस. टी. ने गेल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी प्रसादाची पुडी आमच्या हाती देताना “गर्दी होती रे” एवढेच म्हणाल्या, ते पुरेसे होते.

त्याच संध्याकाळी आमच्या धाकट्या पुतण्यावर खटला उभा राहिला. त्याने त्या वर्षी उन्हाळ्यात हळदीच्या मोंढ्याकडे गाडीच्या खेपा केल्या होत्या. तेथे हळदीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तासन्‌तास हातहातभर पुढे सरकावे लागते. वडील बंधूंनी निकाल दिला की, तो क्लचवरून पाय काढीतच नाही, त्यामुळे प्लेट जळाली. पुतण्या म्हणाला, “मोठे काका, प्लेट तर चैत्रातच नवी टाकली ना?” हे खरे होते, पण उलट उत्तर म्हणून ते गैरलागू ठरले, आणि गाडीची किल्ली वडील बंधूंच्या कपाटात गेली.

पुतण्याच्या त्या एका वाक्यातच सगळे प्रकरण होते, हे आमच्या ध्यानात यावयास आणखी आठ दिवस लागले. चैत्रातही गाडी अशीच थरथरत होती. तेव्हा एका कारागिराने गिअरबॉक्स उतरवून नवी प्लेट बसवून दिली. दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली, आणि आषाढात दुखणे परत आले. नवी वस्तू इतक्या लवकर जाते तेव्हा दोष त्या वस्तूत नसून दुसरीकडे आहे, हे वैद्यकातील साधे सूत्र. पण लोखंडाच्या बाबतीत आपण ते विसरतो.

मध्यंतरी आमचाही एक तर्क झाला, तोही सांगून टाकतो. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस जागची हलली नाही तर दमट हवेने फ्लायव्हीलच्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठावर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो. मग पहिल्या चार-सहा वेळा गाडी थरथरत उचलते, आणि गंज घासून गेला की आपोआप बरी होते. आम्हांस वाटले, हेच असावे. दोन दिवस गल्लीत गाडी फिरवून पाहिली. थरकाप कमी न होता यंत्र तापल्यावर वाढलाच. म्हणजे आमचा तर्क फुकट गेला. तथापि ज्यांची गाडी फक्त सकाळी पहिल्या फेरीस थरथरते, त्यांनी कोणासही पैसे देण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

अखेरीस गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यारास हात लावण्यापूर्वी पाव तास नुसते प्रश्न विचारले. थंडपणी अधिक की तापल्यावर? पुढे जाताना अधिक की मागे? चढावर अधिक होते काय? चालत्या गाडीत पन्नास-साठच्या वेगाला काही थरथर येते काय? तेल किती दिवसांनी घालावे लागते? शेवटच्या प्रश्नास आम्ही “घालतो अधूनमधून” असे मोघम उत्तर दिले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती आम्ही विसरलो नाही.

या प्रश्नांमागील हेतू समजण्यासाठी क्लच म्हणजे काय हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. यंत्राच्या मागील टोकास फ्लायव्हील नावाचे जड चाक सतत फिरत असते. त्यासमोर प्रेशर प्लेट असते, आणि दोहोंच्या मध्ये, दोन्ही बाजूंस अस्तर लावलेली क्लच प्लेट, जात्याच्या दोन तळ्यांत दाणा सापडावा तशी धरलेली असते. ही मधली प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचांवर पुढे-मागे सरकू शकते. पायाने क्लच दाबला की पकड सुटते; पाय उचलला की पकड बसते. स्थिर चाकांना फिरत्या यंत्राशी जोडण्याचा जो क्षणभराचा काळ, त्यात अस्तर थोडे घसरत घसरत धरते. ते घसरणे सर्व बाजूंनी सारखे असेल तर गाडी अलगद उचलते.

ते सारखे नसेल तर काय होते, हे सारंगीवरून कळते. गज तारेला धरतो, ओढतो, तार सुटते, पुन्हा धरतो. हे धरणे-सोडणे इतक्या त्वरेने होते की त्याचा सूर होतो. अस्तरावर कोठे तेल, कोठे काचेसारखी गुळगुळीत झालेली चकाकी, कोठे कोरडा भाग असे झाले, की क्लचही असाच धरतो आणि सोडतो. फरक इतकाच की तार हलकी आणि मोटार जड; म्हणून सूर न निघता सेकंदास दहा-पंधरा हिसके बसतात. डिझेल यंत्राचे ठोके मुळात जोरकस. चार सिलिंडरांचे यंत्र मिनिटास आठशे फेरे घेत असेल तर प्रत्येक फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदास सुमारे सत्तावीस ठोके होतात. ते शोषण्यासाठी क्लच प्लेटच्या मध्यभागी लहान स्प्रिंगा असतात, आणि यंत्राखाली व गिअरबॉक्सखाली रबरी फौंडेशने असतात. स्प्रिंगा मोडल्या किंवा रबर फाटले तर निर्दोष क्लचदेखील थरथरल्यासारखा वाटतो. म्हणूनच गिअरबॉक्स उतरविण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासावयाच्या. गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे एक दिवसाची मजुरी. आणि रबर पाहणे म्हणजे फक्त वाकणे.

मिस्त्रींनी प्रथम बॉनेट उघडून पुतण्यास आसनावर बसविले. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहावयाचे नाही, अशी ताकीद दिली. पायाचा ब्रेक घट्ट दाबून, पहिला गिअर टाकून, क्लच अगदी धरू लागेपर्यंतच उचलावयाचा आणि लगेच दाबावयाचा. नंतर मागच्या गिअरमध्ये तसेच. स्वतः बाजूला उभे राहून ते यंत्र किती डोलते ते पाहत होते. फौंडेशन फाटलेले असेल तर यंत्र एका दिशेस एकदम उसळते, आणि थरकापही पुढे किंवा मागे अशा एकाच दिशेस फार जाणवतो. आमचे यंत्र उसळले नाही, पण गिअरबॉक्सचे बूड किंचित हलले. मग हाताचा ब्रेक लावून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. यंत्र तत्काळ बंद पडले. म्हणजे प्लेट पार झिजून घसरत नव्हती. ही परीक्षा एकदाच करावी, पुनःपुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळते. नंतर गाडीखाली शिरून त्यांनी मागील दांड्याचे क्रॉस हातांनी हलवून पाहिले आणि कमानींच्या आवळपट्ट्यांचे नट तपासले. चालत्या गाडीत थरथर नाही हे आम्ही आधीच सांगितले होते, तरी त्यांनी ते स्वतः पाहिले.

यानंतर त्यांनी जे केले ते आम्ही स्वतः करू शकलो असतो. फ्लायव्हीलच्या आवरणास तळाशी एक लहान भोक असते. आत तेल गळले तर तेथून बाहेर यावे हा त्याचा उद्देश. चिखलाने ते बुजले होते. मिस्त्रींनी तार घालून ते मोकळे केले, तोच काळे तेल टपकू लागले. त्यांनी बोटावर घेऊन चोळले, वास घेतला आणि बोट आमच्या नाकाशी धरले. गिअरचे तेल दाट असते आणि त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. हे पातळ होते, काजळीसारखे काळे होते, आणि त्यास जळकट वासाखेरीज दुसरा वास नव्हता. अर्थात ते यंत्राचे होते. क्रँकच्या मागील टोकावर जे रबरी सील असते ते गळत होते, आणि तेल थेट अस्तरावर जात होते.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, प्लेट मेली नाही, प्लेटीला मारली आहे. मारणारा अजून आतच बसला आहे.”

चैत्रातील कारागिराने मेलेली बदलली आणि मारणारा तसाच ठेवला. आत ओल दिसली असणारच. ती पुसून घेतली असेल. आम्हीही त्या वेळी जुनी प्लेट पाहावयास मागितली नाही, हा आमचा अपराध. कोणतीही वस्तू बदलली की जुनी वस्तू हाती घेऊन पाहावी. ती काय सांगते ते पुष्कळदा बिलापेक्षा खरे असते.

परंतु मिस्त्रींचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. सील एवढे का गळावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न. यंत्र चालू ठेवून त्यांनी तेल घालण्याच्या तोंडाचे झाकण काढले. तेथून वाफेसारखे भपके येत होते. दट्ट्याच्या कड्यांमधून थोडा धूर प्रत्येक जुन्या यंत्रात खाली उतरतो. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदरची नळी असते. आमच्या गाडीची ती नळी काढली तर आतून काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद होती. धुरास वाट नाही, म्हणून तो तेलास ढकलणार, आणि तेल सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलमधून, बाहेर पडणार. नळी धुऊन पुन्हा बसविल्यावर भपके बरेच कमी झाले. ते कमी झाले नसते तर कड्याच झिजल्या आहेत असे समजून यंत्रच उघडावे लागले असते, आणि मग वडील बंधूंचा भंगाराचा पक्ष बळावला असता, हेही कबूल करतो.

येथे एक आडवळण घेतो. औंढ्याजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरांच्या दोन काटकोनी भुजांमधून प्रकाशकिरण धावतील, आणि अणूच्या गाभ्याहूनही लहान असा फरक त्यांतून मोजावयाचा आहे. अमेरिकेतील तशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्याने टिपली. जागा निवडताना येथील जमिनीचा शांतपणा जमेस धरला गेला होता. आमचा पुतण्या पदार्थविज्ञान शिकतो. त्याचे म्हणणे, “तिथल्या लोकांना आपली गाडी कळली असती, तर त्यांनी जागा बदलली असती.” विनोद सोडून देऊ, पण तेथील शास्त्रज्ञांचे बहुतेक कष्ट, जो कंप लहरीचा नाही तो ओळखून बाजूस काढण्यात जातात, असे तो सांगत होता, तेव्हा आम्हांस गाडीखालून बाहेर निघालेले मिस्त्रींचे पाय आठवले.

दुरुस्ती दोन दिवस चालली. गिअरबॉक्स उतरल्यावर पाहिले तो प्लेटच्या अस्तरावर काळ्या ओल्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये काचेसारखे चकाकणारे डाग. अस्तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवावे काय, असे आम्ही भीत भीत विचारले. मिस्त्रींनी मान हलविली. अस्तरात मुरलेले तेल वरून धुतल्याने जात नाही. तापले की पुन्हा वर येते. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे ठिपके होते. अतिशय तापून तेथील लोखंड कठीण झालेले असते, आणि नवी प्लेट घातली तरी त्या ठिपक्यांवर ती वेगळी धरते. फ्लायव्हील लेथवर पाठवून अगदी बेताचा फेस मारून आणला. ते निळे ठिपके हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्याने पडतात. म्हणजे आमच्या चौघांपैकी कोणीतरी तसे केले होते. ते पुतण्याच्या काळचे की वडील बंधूंच्या, हे लोखंड सांगत नाही. आणि त्या दिवसापासून वडील बंधूही फारसे सांगत नाहीत.

नवे सील नांदेडहून मागविले. किंमत अवघी काहीशे रुपये. त्याच्यापायी दोनदा गिअरबॉक्स उतरला, दोनदा प्लेट गेली. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने एक बारीक चर पाडली होती. नवे सील त्याच चरीवर न बसेल असे किंचित पुढे सरकवून बसविले. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही नवे घातले. एवढे उघडल्यावर बेअरिंगची काटकसर करण्यात अर्थ नसतो. प्लेट मध्यावर धरण्यासाठी मिस्त्रींनी एका जुन्या गिअरबॉक्सचा दांडा वापरला, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. एका बाजूने आवळत गेल्यास ती वाकते, आणि नव्या सामानासह थरकाप पुन्हा घरी येतो. दांड्याच्या खाचांना ग्रीस बोटभर नव्हे, नखभर. अधिक लावल्यास तेच उडून अस्तरावर जाते. अस्तरास त्यांनी हात लावला नाही, कडेने धरले. गिअरबॉक्सखालचे रबर तेलाने फुगून चिरले होते, तेही बदलले.

घरी हे काम स्वतः करणाऱ्या हौशी वाचकांसाठी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या क्लच-ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत. आवरणात साचलेली ती भुकटी हवेच्या नळीने किंवा तोंडाने उडवू नये. तिचे तंतू फुप्फुसांत बसतात आणि कित्येक वर्षांनी रोग उत्पन्न करतात. ओल्या फडक्याने पुसावे, फडके बंद पिशवीत घालून टाकावे, आणि अंगणात मुले खेळत असतील तर त्यांना आधी आत पाठवावे.

गाडी परत आली तेव्हा श्रावण संपून भाद्रपद लागला होता. पहिले चार-पाचशे किलोमीटर ओझे न घालता, चढावर न ताणता हाकावी, म्हणजे अस्तर सर्वांगी सारखे बसते, असे मिस्त्रींनी बजावले होते. म्हणून पहिली फेरी मातोश्रींची, केवळ तिघे माणसे घेऊन, औंढ्याची केली. गाडी पुतण्याने हाकली. वाड्याच्या चढावर तो थांबला, हाताचा ब्रेक लावला, क्लच धरताच ब्रेक सोडला. गाडी अलगद मागे आली. माजघरातून कोणी काही विचारले नाही. मातोश्री म्हणाल्या, “सुरू झाली का? मला कळलेच नाही.”

दसऱ्यास घरच्या शस्त्रांबरोबर गाडीचीही पूजा असते. वडील बंधूंनी हार हातात धरून ठेवला होता; पुतण्याने आधी बॉनेट उघडले, ब्रीदरची नळी काढली, उजेडाकडे धरून आरपार पाहिली, पुसून पुन्हा बसविली, आणि मग म्हणाला, “हं, मोठे काका, आता घाला.”